दोन दीर्घिका भिडल्या की शेपटीच्या टोकाला काय जन्माला येतं?

सांजवारा (धागाकर्ता)

मागच्या शनिवारी आम्ही सहा जण वेल्ह्याच्या पलीकडे दुर्बीण घेऊन गेलो होतो. पुण्याचा उजेड मागे डोंगराआड गेला की तिथे अजूनही बऱ्यापैकी काळोख मिळतो. अकराच्या सुमाराला हस्त नक्षत्र दक्षिणेला छान उंच आलं, चित्रेच्या उजवीकडे तो चार ताऱ्यांचा वाकडा चौकोन, आणि त्याच्या जरा पश्चिमेला आम्ही दहा इंची दुर्बीण फिरवत बसलो. पाऊण तास काही म्हणता काही दिसेना. मग एकीने डोळा थेट न लावता जरा बाजूला बघायला सांगितलं, आणि कडेच्या नजरेला काजूगरासारखा एक पुसट, वाकलेला डाग दिसला. नीट बघायला गेलं की नाहीसा, नजर सरकवली की परत हजर.

ती एनजीसी ४०३८ आणि ४०३९ ही दीर्घिकांची (गॅलेक्सींची) जोडी, जिला अँटेनी म्हणतात. विल्यम हर्शलने १७८५ मध्ये शोधलेली. अंतर साधारण साडेसहा ते सात कोटी प्रकाशवर्षं, म्हणजे आम्ही ज्या काळ्या कातळावर सतरंजी टाकून बसलो होतो तो कातळ जेव्हा लाव्हा होऊन वाहत होता, जवळपास तेव्हाच हा प्रकाश तिथून निघाला. त्या रात्रीपासून डोक्यातून जात नाहीये.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. अशा दोन दीर्घिका एकमेकींत घुसल्या की सगळ्यांचं लक्ष मधल्या भागाकडे जातं, आणि ते साहजिक आहे कारण तिथे धमाल चाललेली असते. हबलने १९९७ मध्ये जे फोटो दिले त्यात या अँटेनीच्या मधल्या भागात १००० च्या वर तरुण तारकागुच्छ दिसले. पण मला म्हणायचंय ते हे, की शेपट्यांच्या टोकाकडे बघा. या जोडीला दोन लांबलचक शेपट्या आहेत (म्हणून तर अँटेनी, किड्याच्या मिशा असतात तशा), टोकापासून टोकापर्यंत ३ लाख प्रकाशवर्षांच्या वर. आणि दक्षिणेकडच्या शेपटीच्या टोकाला, आईबापांपासून इतक्या लांब, निळे तरुण तारे आणि हायड्रोजनचा साठा सापडलाय. १९९२ मध्ये मिराबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की ही एक नवीन बटू दीर्घिका जन्माला येतेय. टकरीतून बाहेर फेकल्या गेलेल्या मालातून एक अख्खी छोटी दीर्घिका!

ही कल्पना त्याहून जुनी आहे, फ्रिट्झ झ्विकी यांनी १९५६ मध्येच म्हटलं होतं की अशा शेपट्यांमधून छोट्या दीर्घिका बनू शकतील. इंग्रजीत यांना टायडल ड्वार्फ म्हणतात. मराठीत भरतीजन्य बटू दीर्घिका म्हणावं का? सुचवा.

वाचनमात्र

बुकमार्क केलंय. वाचतोय.

पाटीवरचा हत्ती

हस्त म्हटल्यावर मला थेट भोंडलाच आठवला, पाटावरचा हत्ती आणि भोवती फेर. पण भोंडला तर आश्विनात असतो, मग तेव्हा का नाही बघायचं हे? आणि एक अगदी बेसिक शंका, दोन दीर्घिका आदळल्या तर त्यातले तारे एकमेकांवर आपटत नाहीत का? सूर्यावर दुसरा सूर्य?

सांजवारा

हत्ती, भोंडल्याच्या वेळी सूर्य स्वतःच हस्तात असतो हो, हस्ताचा पाऊस म्हणतो तो तोच काळ. सूर्य त्याच भागात म्हणजे ते नक्षत्र दिवसा आभाळात, रात्री दिसणार कसं. म्हणून चैत्र-वैशाखात बघायचं, तेव्हा ते सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला असतं आणि अर्ध्या रात्रीपर्यंत हाताशी असतं.

तारे आपटत नाहीत, आणि हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरंच वाटलं नव्हतं. हिशोब करून बघा. सूर्य म्हणजे मंडईतलं एक ४ सेंटीमीटरचं लिंबू धरलं, तर सगळ्यात जवळचा तारा, सव्वाचार प्रकाशवर्षांवरचा, म्हणजे पार दिल्लीत ठेवलेलं दुसरं लिंबू. मधे काही नाही. अशी विखुरलेली लिंबं एकमेकांतून गेली तर कोण कुणाला आपटणार. पण आता दीर्घिकांचं बघा. आपली आकाशगंगा साधारण १ लाख प्रकाशवर्षं रुंद आणि शेजारची मोठी दीर्घिका देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवर. म्हणजे आपली दीर्घिका एक वीतभर भाकरी धरली तर पुढची भाकरी पाच मीटरवर, एकाच पंगतीत. त्यामुळे दीर्घिका एकमेकींना भिडणं अजिबात दुर्मिळ नाही, तारे भिडणं मात्र जवळजवळ अशक्य.

भिडतो तो वायू. हायड्रोजनचे ढग दहा-वीस ते शेकडो प्रकाशवर्षं पसरलेले असतात, ते एकमेकांना चुकवू शकत नाहीत. ते दाबले जातात, आपापसात घासतात, गरम होतात, ती ऊर्जा किरणांतून बाहेर टाकून परत थंड होतात आणि मग स्वतःच्याच वजनाने आत ढासळायला लागतात. तिथेच तारे.

गणिताच्या_बाई

लिंबाचा हिशोब उद्या वर्गात सांगणार.

एक भर घालते. हे सगळं शोधलं कसं याची गोष्ट फार सुंदर आहे. १९४१ मध्ये स्वीडनमधल्या एरिक होल्मबर्ग यांना दोन दीर्घिका जवळून गेल्या तर काय होईल हे काढायचं होतं आणि कॉम्प्युटर तर नव्हता. प्रत्येक ताऱ्यावर बाकी सगळ्यांची ओढ किती याची बेरीज हाताने करायला जन्म गेला असता. तर त्यांनी काय केलं, दिवे घेतले. एका दीर्घिकेसाठी ३७ बल्ब, दुसरीसाठी ३७, असे ७४ बल्ब टेबलावर मांडले. कारण प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, आणि गुरुत्वाकर्षणही बरोबर तसंच कमी होतं. मग एक बल्ब काढायचा, त्या जागी प्रकाश मोजायचं यंत्र ठेवायचं, कुठल्या बाजूने किती उजेड येतोय ते बघायचं, की झाली त्या जागेवरच्या ओढीची बेरीज. त्याप्रमाणे बल्ब थोडा सरकवायचा. पुढचा बल्ब. मग पहिल्यापासून परत.

मी हे शाळेच्या प्रयोगशाळेत मुलींना फक्त दोनच बल्ब घेऊन करून दाखवलं होतं, खिडक्यांना काळे कागद लावून, तर एक आकडा घ्यायला दहा मिनिटं लागली. ७४ बल्ब. एकट्या माणसाची काय चिकाटी असेल! त्यांना दिसलं ते हे की दीर्घिका जवळून जाताना भरतीमुळे विस्कटतात, त्यांचा वेग खातो आणि त्या एकमेकींच्या कचाट्यात सापडतात.

सांजवारा

बाई, हा प्रतिसाद मूळ लेखात घालायला हवा होता!

त्याच्या पुढची पायरी १९७२ ची, अलार आणि जुरी टूमरे हे दोघे भाऊ. यांनी कॉम्प्युटरवर मोजकेच ठिपके फिरवून दाखवलं की नुसत्या गुरुत्वाकर्षणाने अशा लांब शेपट्या आणि दोन दीर्घिकांमधले पूल बनतात. चार जोड्या त्यांनी हुबेहूब उतरवल्या, त्यात अँटेनी होती आणि एम ५१ पण. त्याआधी बऱ्याच लोकांना वाटायचं की इतकी बारीक लांब शेपटी ओढायला चुंबकीय क्षेत्र किंवा स्फोट असलं काहीतरी लागणार.

पाटीवरचा हत्ती

भरती म्हणजे समुद्राची भरतीच ना? की नुसतं नाव? आम्ही दर मे महिन्यात हर्णैला जातो, समुद्र आत-बाहेर होताना बघितलाय, पण त्याने शेपटी कशी निघेल ते डोळ्यासमोर येत नाहीये.

सांजवारा

तीच भरती. हर्णैला दिवसातून दोनदा भरती येते ना, एकदा नाही. का? चंद्राच्या बाजूचं पाणी पृथ्वीपेक्षा जास्त ओढलं जातं म्हणून तिकडे फुगवटा, आणि पलीकडच्या बाजूचं पाणी पृथ्वीपेक्षा कमी ओढलं जातं म्हणून ते मागे राहतं, तिकडेही फुगवटा. ओढीतला फरक, एवढीच भानगड आहे. दीर्घिकेचंही तेच, शेजारीण जवळ आली की तबकडीची जवळची बाजू तिच्याकडे खेचली जाते आणि पाठची बाजू मागे राहते, दोन्हीकडे ताणलं जातं. फरक एवढाच की समुद्राला पृथ्वीने घट्ट धरून ठेवलेलं असतं आणि दीर्घिकेच्या कडेचा वायू व तारे सैल असतात, शिवाय ते आधीच गरगर फिरत असतात. तो फिरण्याचा वेग आणि ही ओढ एका दिशेला जुळली की गोफणीतून सुटावं तसा माल बाहेर जातो. जवळच्या बाजूचा पूल होतो, लांबच्या बाजूची शेपटी.

आणि कडेचा माल हे महत्त्वाचं, कारण दीर्घिकेत वायू ताऱ्यांपेक्षा बराच बाहेरपर्यंत पसरलेला असतो. म्हणून शेपटीत वायू भरपूर.

कोथरूडकर

लेख चांगला आहे पण मला एक पटत नाही. मधल्या भागात वायू दाबला जातो, ठीक. पण शेपटी तर पसरत चाललेली, विरळ होत चाललेली गोष्ट आहे. विरळ होणाऱ्या वायूत तारे कसे बनतील? उलटं व्हायला पाहिजे.

गणिताच्या_बाई

एकतारी पाक करताना बघा कोथरूडकर. झारा वर उचलला की तार निघते आणि ती सगळीकडे सारखी बारीक होत नाही, मधे मधे मणी धरतात आणि खालच्या टोकाला सगळ्यात मोठा थेंब लोंबतो.

कोथरूडकर

बाई, पाकाचे मणी पृष्ठताणामुळे होतात. तिकडे कुठे पृष्ठताण?

गणिताच्या_बाई

बरोबर, कारण वेगळं आहे, मी चित्र डोळ्यासमोर यावं म्हणून म्हटलं. तिकडे मणी धरायला लावतं ते गुरुत्वाकर्षण. जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्येच गणित मांडलं होतं की वायूचा दाब त्याला पसरवतो आणि स्वतःचं गुरुत्वाकर्षण गोळा करतं, एका ठरावीक वस्तुमानाच्या वर गेलं की गुरुत्वाकर्षण जिंकतं.

सांजवारा

कोथरूडकरांचा प्रश्न या सगळ्या विषयातला कळीचा आहे, त्यामुळे जरा सावकाश लिहितो.

सरासरी बघितली तर शेपटी विरळच आहे, शंकाच नाही. पण दोन गोष्टी होतात. एक, ढवळाढवळीत वायूची खळबळ वाढते, त्यामुळे जीन्सच्या हिशोबातलं किमान वस्तुमान खूप मोठं होतं, म्हणजे गोळे धरलेच तर ते साध्या तारकागुच्छाएवढे न धरता सूर्याच्या दहा कोटी ते शंभर कोटी पट एवढे धरतात. थेट बटू दीर्घिकेच्या मापाचे. दोन, शेपटीच्या टोकाला कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये माल साचताना दिसतो, कारण तिथे पोचलेला वायू वेग संपत आल्यामुळे रेंगाळतो आणि मागून येणारा त्याच्यावर येऊन थांबतो. घाटात वर चढणाऱ्या गाड्या माथ्याच्या जवळ हळू होतात आणि मागे रांग लागते ना, तसं काहीसं. म्हणजे टोकाला, जिथे कुणी बघत नव्हतं, तिथे सगळ्यात मोठा साठा.

आणि हा वायू नुसता तिथे जाऊन पडलेला नसतो. तारे बनायला हायड्रोजनचे अणू जोडीने यावे लागतात, रेणू व्हावे लागतात, आणि थंड रेणू स्वतः जवळजवळ काहीच सिग्नल देत नाही. म्हणून त्याच्याबरोबर असणारा कार्बन मोनॉक्साइड शोधतात. २००० साली अर्प १०५ आणि अर्प २४५ (अर्प ही विचित्र दीर्घिकांची यादी) या दोन विस्कटलेल्या जोड्यांच्या शेपट्यांतल्या बटू दीर्घिकांमध्ये तो सापडला, आणि नेमका तिथेच जिथे अणूंचा हायड्रोजन सगळ्यात दाट होता. म्हणजे रेणू आईच्या घरून बांधून आणलेले नाहीत, जागेवर बनलेत. मला तरी हा सगळ्यात पक्का पुरावा वाटतो की तिथे स्वतंत्र प्रपंच सुरू झालाय.

कार्बन आणि ऑक्सिजनवरून अजून एक. साधारणपणे छोटी दीर्घिका म्हणजे जड मूलद्रव्यं कमी, कारण तिच्यात ताऱ्यांच्या फारशा पिढ्या झालेल्या नसतात. पण या शेपटीतल्या बटूंमध्ये ऑक्सिजन त्यांच्या आकाराच्या मानाने जास्त सापडतो, साधारण सूर्याच्या एक तृतीयांश वगैरे. कुठून आला? आईबापांच्या दीर्घिकांमध्ये जुन्या ताऱ्यांनी शिजवलेला. वर्णपट घेतला, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून बघितला, की वंशावळ कळते.

जुन्नरी

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितोय. आमचं शेत नारायणगाव-खोडद रस्त्याला आहे, बांधावरून जीएमआरटीची रेडिओ दुर्बीण दिसते. आमच्या घरात सगळे दुर्बीणच म्हणतात. लहानपणापासून बघतोय, कधी सगळ्या एका दिशेला तोंड करून असतात, कधी सरळ वर. आजीला वाटायचं त्या सूर्यफुलासारख्या सूर्यामागे फिरतात. तुमच्या या शेपट्यांचं आमच्या दुर्बिणीतून काही बघतात का? आणि ती तर नुसती जाळी आहे, आरपार आभाळ दिसतं, तिच्यात काय अडकणार?

सांजवारा

जुन्नरी, बघतात, आणि तुमच्या बांधावरून दिसते ती या कामासाठी जगातल्या उत्तम जागांपैकी एक आहे. मी याच वर्षी विज्ञान दिनाला खोडदला गेलो होतो, त्या दिवशी आत सोडतात. एका तबकडीच्या खाली उभं राहून वर बघितलं. ४५ मीटर व्यास, म्हणजे आमची पाच मजली सोसायटी आडवी टाकली तरी तिच्यात मावेल. स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी, भोकं एक ते दोन सेंटीमीटरची. हायड्रोजनच्या अणूंकडून येणाऱ्या रेडिओ लहरीची लांबी २१ सेंटीमीटर. एवढ्या लांब लहरीला ती भोकं जाणवतच नाहीत, तिच्या दृष्टीने तो सलग पत्रा आहे. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे एवढी मोठी तबकडी हलकी आणि स्वस्तात उभी राहिली. ही गोविंद स्वरूप यांची कल्पना. मी उभा होतो तेव्हा वारा जोरात सुटला होता, जाळीतून एक बारीक सूं असा आवाज येत होता आणि वरची तबकडी ढिम्म.

अशा ३० आहेत. १४ मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये, बाकी १६ तीन फांद्यांवर लांब लांब, सगळ्यात दूरच्या दोघींमध्ये २५ किलोमीटर अंतर. आपल्या विषयासाठी हे फार सोयीचं आहे, कारण जवळजवळच्या तबकड्या शेपटीतला पसरलेला पुसट वायू पकडतात आणि लांबच्या तबकड्या त्यातली बारीक गाठ कुठे आहे ते दाखवतात. दोन्ही एकाच वेळी. अर्प २०२ नावाच्या जोडीच्या शेपटीला अशी एक बटू दीर्घिका असावी, तिच्यातला हायड्रोजन खोडदहूनच मोजलाय. अर्प ८६ चाही.

(अर्प म्हणजे हाल्टन अर्प, त्यांनी १९६६ मध्ये ३३८ विचित्र दिसणाऱ्या दीर्घिकांचा फोटोसंग्रह काढला, तेच नंबर आजही वापरतात. पुण्यातल्या आयुका या खगोल संशोधन संस्थेचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांनी अर्प यांच्याबरोबर कामही केलं होतं.)

जुन्नरी

आजी असती तर तिला सांगितलं असतं. आता कळलं गावाजवळ कारखाने आणि टॉवर यांच्यावर बंधनं का. लोक कुरकुर करतात, मीही केली आहे.

सांजवारा

कुरकुर साहजिक आहे, रोजगाराचा प्रश्न आहे. पण तो सिग्नल इतका क्षीण असतो की जवळची मोटारीची ठिणगीसुद्धा त्याच्यावर मात करते. तुम्ही आजूबाजूच्या लोकांनी जपलेल्या शांततेवर ते सगळं चालतं, हे आम्ही शहरातल्या लोकांनी लक्षात ठेवायला हवं.

निवृत्त_यंत्रज्ञ

सविस्तर आणि मनापासून लिहिताय, म्हणून एक आडवा प्रश्न. फोटोत शेपटीच्या टोकाला गाठ दिसली म्हणजे ती खरंच गाठ आहे कशावरून? समजा शेपटी वाकून आपल्या दिशेला आली असेल, तर आपण तिच्या लांबीतून बघतोय. पाइप बाजूने बघितला तर लांब, तोंडाकडून बघितला तर गोल ठिपका. विरळ वायूसुद्धा दाट भासेल. आणि मागे दुसरीच कुठली दीर्घिका असली तर?

सांजवारा

काका, अगदी हाच आक्षेप या क्षेत्रातले लोकही घेतात आणि त्यामुळे कितीतरी बटूंच्या नावापुढे अजून संभाव्य असंच लिहिलेलं असतं. अँटेनीच्या त्या टोकाबद्दलसुद्धा असा वाद झालाय.

मागची दीर्घिका असेल तर वर्णपटावरून वेग वेगळा येतो, ते पटकन कळतं. वाकलेल्या शेपटीचं अवघड आहे. त्याला उपाय म्हणजे वेगाचा नकाशा. २१ सेंटीमीटरची लहर आपल्याकडे येणाऱ्या वायूकडून जरा आखूड होऊन येते, लांब जाणाऱ्याकडून जरा लांब होऊन. गाठीच्या एका कडेचा वायू येतोय आणि दुसऱ्या कडेचा जातोय असं दिसलं, आणि ते शेपटीच्या एकूण वाहण्यापेक्षा वेगळं असलं, तर ती गाठ स्वतःभोवती फिरतेय. स्वतःभोवती फिरते म्हणजे तिला स्वतःचं गुरुत्वाकर्षण आहे. मग तिला दीर्घिका म्हणायचं.

आणि एकदा फिरताना सापडली की तिचं वजन निघतं, आणि इथे खरा मोठा प्रश्न येतो, डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणाच्या ओढीवरून कळणारं द्रव्य. नेहमीच्या बटू दीर्घिकांमध्ये डार्क मॅटर खच्चून भरलेलं असतं असं मानतात. पण शेपटी बनते ती फिरणाऱ्या थंड तबकडीच्या मालातून. डार्क मॅटर तबकडीत नसतं, ते भोवती मोठ्या गोळ्यात सैरावैरा फिरत असतं, त्यामुळे ते शेपटीत असं शिस्तीत ओढलं जात नाही. म्हणजे या भरतीतल्या बटूंमध्ये डार्क मॅटर जवळपास नसायला हवं. साधी सरळ कसोटी.

नरतुरंग तारकासमूहात एनजीसी ५२९१ म्हणून आहे, सुमारे २० कोटी प्रकाशवर्षांवर. तिच्याभोवती टकरीतून उडालेल्या हायड्रोजनचं प्रचंड कडं आहे आणि त्या कड्यावर माळेतल्या मण्यांसारख्या बटू दीर्घिका. २००७ मध्ये बूर्नो आणि सहकाऱ्यांनी तिथल्या तीन बटूंचा फिरण्याचा वेग मोजला तर वजन दिसणाऱ्या मालाच्या दोन-तीन पट आलं. खळबळच उडाली. काही म्हणाले हे न दिसणारं थंड वायूचं वस्तुमान असेल, काही म्हणाले गुरुत्वाकर्षणाचा नियमच तिथे वेगळा असेल. मग २०१५ मध्ये लेल्ली आणि सहकाऱ्यांनी तीन ठिकाणच्या एकूण सहा बटूंचा, यांच्यासकट, परत नीट हिशोब केला तर तारे आणि वायू यांची बेरीज पुरेशी पडते, जास्तीचं काही लागत नाही असं निघालं.

निवृत्त_यंत्रज्ञ

म्हणजे प्रश्न मिटला?

सांजवारा

पूर्ण नाही. या बटू इतक्या तान्ह्या आहेत की त्यांची स्वतःभोवती एक फेरीसुद्धा पुरी झालेली नाही. ते कडं तयार करणारी टक्करच साधारण ३६ कोटी वर्षांपूर्वीची मानतात. अजून स्थिरावलेली नाही अशा वस्तूचं वजन फिरण्यावरून काढणं म्हणजे हलत्या काट्यावरून वजन वाचण्यासारखं, आणि हे त्या लोकांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मला तो प्रामाणिकपणा फार आवडला.

नववी_ब

काका मी बाईंच्या शाळेत आहे, लिंबाचं गणित आम्ही वर्गात केलं. माझे प्रश्न. १) या छोट्या दीर्घिका मोठ्या होतात का? २) आपली आकाशगंगा आणि देवयानी कधी टकरणार? तेव्हा शेपटी कुठून निघेल?

सांजवारा

छान प्रश्न आहेत गं. पहिल्याचं उत्तर, बऱ्याच जगतच नाहीत. शेपटीतला बराचसा माल हळूहळू परत आईबापांवर पडतो, आणि जवळ असलेल्या बटू त्याबरोबर खेचल्या जाऊन विरघळतात. टोकाच्या, लांब गेलेल्या, त्यातल्या त्यात तरतात. एनजीसी ५५५७ नावाच्या मोठ्या दीर्घिकेजवळ अशा काही बटू आहेत ज्या साधारण ४ अब्ज वर्षं टिकून असाव्यात असं २०१४ मध्ये मांडलं गेलं. म्हणजे आपल्या पृथ्वीच्या वयाच्या जवळपास. म्हणून तर मी टोक टोक म्हणत होतो!

दुसऱ्याचं, २०१२ मध्ये हबलच्या मोजमापावरून ४ अब्ज वर्षांनी टक्कर होणार असं सांगितलं गेलं आणि सगळीकडे तेच छापून आलं. पण २०२५ मध्ये नवीन हिशोब आलाय, त्यात आपल्या शेजारच्या मोठ्या मॅगेलन मेघाचा (तीही एक छोटी दीर्घिकाच) आणि त्रिकोण तारकासमूहातल्या एम ३३ दीर्घिकेचा ओढा धरला, तर पुढच्या १० अब्ज वर्षांत टक्कर होण्याची शक्यता निम्मी-निम्मीच निघते. नाणेफेक. शेपटी कुठून निघेल ते कोण कुठल्या बाजूने, कसं फिरत येतं त्यावर ठरेल. पण भरतीची ओढाताण बघायची तर एवढं थांबायला नको, मोठ्या आणि छोट्या मॅगेलन मेघांनी एकमेकांना ओढून मधे वायूचा पूल केलाय आणि त्यात तरुण तारे आहेत. पुण्यातून मात्र ते दिसत नाहीत, फार दक्षिणेला आहेत.

पाटीवरचा हत्ती

नावाचं राहिलंच. भरतीजन्य बटू दीर्घिका हे बोजड वाटतं. शेपटीतली बटू असंच म्हणा की. जुन्नरीसारख्यांना घरी सांगता आलं पाहिजे.

गणिताच्या_बाई

पाठ्यपुस्तकात बटुग्रह आहे, त्यामुळे बटू चालेल. खुजी नको.

कोथरूडकर

शेपटीतली बटूला माझाही +१. टोकाला साचण्याचा मुद्दा पटला. एक राहिलं, तारे तरुण आहेत हे कशावरून? निळे दिसतात एवढ्यावरून?

सांजवारा

निळे, आणि त्याच्याही पलीकडे अतिनील. जड ताऱ्यांचा पृष्ठभाग प्रचंड गरम असतो, ते अतिनीलमध्ये झगझगीत असतात आणि थोडक्या कोटी वर्षांत संपतात, त्यामुळे अतिनील दिसलं म्हणजे दुकान नुकतंच उघडलंय. पृथ्वीचं वातावरण हे किरण अडवतं, म्हणून वर जाऊन बघावं लागतं. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावर, जो २८ सप्टेंबर २०१५ ला गेला, यूव्हीआयटी नावाची अतिनील दुर्बीण आहे. तिच्या बांधणीत आयुकाचाही हात आहे. तिने हीच एनजीसी ५२९१ बघितलीये. आधीच्या अतिनील दुर्बिणीपेक्षा तिचं चित्र बरंच बारीक येतं, जे आधी एक गाठ वाटायचं त्यात वेगवेगळे पुंजके सुटे दिसतात. एका शेपटीतल्या बटूच्या आत कुठल्या कोपऱ्यात तारे बनताहेत, इथपर्यंत.

जुन्नरी

पुढच्या अमावास्येच्या आधीच्या शनिवारी आमच्या शेतावर या सगळे. अंधार आहे, गच्चीवर जागा आहे, पिठलं-भाकरी माझ्याकडे. फक्त दिवे आणि मोबाइल यांचं तुम्ही सांभाळा. नववी ब ला बाईंबरोबर पाठवा.

सांजवारा

आलोच. दुर्बीण मी आणतो. टॉर्चला लाल पतंगी कागद लावून आणा, पांढरा उजेड एकदा डोळ्यात गेला की अर्धा तास वाया.

नववी_ब

काल आम्ही जुन्नरी दादांच्या शेतावर गेलो होतो. बाईंनी लिहायला सांगितलं म्हणून लिहितेय. आधी सप्तर्षीतल्या शेवटच्या मरीचीजवळ एम ५१ बघितली, दोन पुसट गोळे, एक मोठा एक लहान, अगदी चिकटून. मधला पूल मला दिसला नाही, काकांना जरासा दिसला म्हणाले. मग हस्त. काजूचा डाग मला चौथ्या खेपेला दिसला, कडेच्या नजरेने. शेपटी नाही दिसली. काका म्हणाले ती या दुर्बिणीत दिसत नाही, पण टोक साधारण कुठे असेल ते त्यांनी दाखवलं आणि मी तिथे बराच वेळ बघत राहिले. तेवढ्यात जुन्नरी दादांनी हाक मारली, पलीकडे रानात एका दुर्बिणीची तबकडी हळूहळू वळत होती, लाल दिवा तेवढा दिसत होता.